ओढ्यापलीकडचा टोला

हिरव्यागार मैदानावर एक लहानसा पांढरा चेंडू पडलेला आहे. त्याला कोणी फेकलेले नाही. तो वळत नाही, उसळत नाही. क्रिकेटच्या फलंदाजावर चेंडू वेगाने धावून येतो. विटीदांडूत विटी हवेत असतानाच टोला मारावा लागतो. येथे मात्र चेंडू मुकाट्याने जागच्या जागी पडून असतो. हातात काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसास नेम धरण्यासाठी पुरेसा वेळ मिळतो. आजूबाजूची माणसेही बोलणे थांबवून स्तब्ध उभी राहतात. मग यात अवघड ते काय?

गोल्फ शिकू पाहणाऱ्या प्रत्येकास पहिल्या दिवशी हाच प्रश्न पडतो, आणि पहिल्या तासाभरातच त्याचे उत्तरही मिळते. तो काठी उगारतो, सारे बळ एकवटून टोला हाणतो आणि चेंडू किती दूर गेला हे पाहण्यासाठी मान वर करतो. चेंडू कोठेच गेलेला नसतो. काठी नुसत्या वाऱ्याला झोडपून परत आलेली असते. दुसऱ्या खेपेस काठी चेंडूच्या मागेच जमिनीत रुतते. गवतासकट मातीचे ढेकूळ उडते आणि चेंडू दोन वितींवर जाऊन थांबतो. तिसऱ्या खेपेस चेंडू खरोखरच दूर जातो, पण समोर न जाता उजवीकडच्या झाडीत नाहीसा होतो. मग काट्याकुट्यांतून तो शोधत हिंडावे लागते. संध्याकाळी घरी परतताना तळहातांस फोड आलेले असतात आणि पाठ ठणकत असते.

या खेळाचे स्वरूप समजण्यास सोपे आहे. विस्तीर्ण मैदानावर दूर दूर अंतरावर अठरा लहान खळगे केलेले असतात. गोट्या खेळताना मुले जमिनीत गल खणतात, तसाच हा प्रकार. प्रत्येक खळग्याची रुंदी सुमारे ११ सेंटिमीटर, आणि चेंडूची त्याच्या निम्म्याहूनही कमी. चेंडूचे वजन अवघे ४६ ग्रॅमच्या आसपास. शेकडो यार्डांवरून हा चेंडू टोले मारत मारत न्यायचा आणि शेवटी त्या खळग्यात घालायचा. वाटेत कोठे ओढा, कोठे वाळूचे खड्डे, कोठे उंच गवत अशा अडचणी असतात. अठरा खळगे पुरे होईपर्यंत खेळाडूची पाच-सहा किलोमीटर पायपीट होते. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील, तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये वाढलेला हा खेळ भारतातही फार जुना आहे. कलकत्त्यास गोल्फची संस्था १८२९ साली स्थापन झाली.

नवशिक्यास या खेळात सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की येथे मनास जे सहज सुचते ते बहुधा चुकीचे ठरते. चेंडू उंच उडवायचा म्हणून तो काठी खालून वर नेऊ पाहतो, आणि काठी चेंडूच्या माथ्यावर आपटून चेंडू जमिनीवरूनच घरंगळत जातो. वास्तविक काठीच्या टोकाचे पाते तिरपे घडविलेले असते. चेंडूस वर चढविण्याचे काम ते पातेच करते. खेळाडूने खाली पडलेल्या चेंडूवर नीट टोला मारावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. चेंडू दूर जावा म्हणून नवशिका काठी घट्ट आवळतो. तेणेकरून त्याचे दंड ताठतात आणि काठीचा झोका अडखळतो. आपला टोला कसा बसला हे पाहण्याची त्यास घाई होते, म्हणून टोला बसण्यापूर्वीच तो मान वर करतो. आणि मान उचलली की खांदे उचलतात, खांदे उचलले की काठीही उचलली जाते. अशा रीतीने अधिक जोर लावावा तो चेंडू कमी जातो, आणि अधिक घाई करावी तो वेळ अधिक लागतो.

येथे रागही कोणावर काढावा? चेंडू फेकणारा दुसरा कोणी नसतो. पंचाने अन्याय केला असेही म्हणता येत नाही. नवशिका मग काठीला दोष देतो, गवताला दोष देतो, वाऱ्याला दोष देतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण गोल्फच्या मैदानावर रोज खरी होत असते. परंतु थोड्या दिवसांनी ज्याच्या मनास उमजते, की चेंडूस वाकडे धाडणारे हात आपलेच आहेत, त्याचे खरे शिक्षण त्या दिवसापासून सुरू होते.

असे असूनही माणसे हा खेळ सोडत का नाहीत? कारण पन्नास टोले फसल्यानंतर केव्हा तरी एक टोला बरोबर बसतो. त्या वेळी हातांस धक्का बसत नाही, जोर लावल्यासारखे वाटत नाही. फक्त एक स्वच्छ, खणखणीत आवाज होतो. आणि चेंडू निळ्या आकाशात चढत चढत जाऊन मनात योजलेल्या जागी अलगद उतरतो. पुढचा टोला पुन्हा मातीतच जाणार असतो. पण त्या एका टोल्याने एवढे सिद्ध केलेले असते, की ही गोष्ट आपल्या हातून होऊ शकते. तेवढ्या आनंदावर नवशिका दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर होतो.

या वाटेने गेलेल्या एका मुलाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. त्याचे नाव फ्रान्सिस विमेट.

फ्रान्सिसचा जन्म ८ मे १८९३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन शहरालगतच्या ब्रुकलाइन या गावी झाला. वडील कॅनडातून आलेले, आई आयरिश वंशाची. वडील माळीकाम करीत. घरची स्थिती बेताची होती. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे मात्र धनिक लोकांच्या एका संस्थेचे प्रशस्त गोल्फचे मैदान पसरलेले होते. माळ्याच्या मुलास तेथे खेळण्याचा अधिकार नव्हता. पण त्याची शाळेची वाट त्या मैदानावरून जात असे. जाता येता उंच गवतात त्यास खेळाडूंचे हरवलेले चेंडू सापडत. तो ते खिशात घाली आणि घरी नेऊन जपून ठेवी. असे करता करता त्याच्यापाशी चेंडूंचा मोठा साठा झाला. परंतु चेंडू मारण्यासाठी लागते ती काठी मात्र त्याच्यापाशी एकही नव्हती!

त्याचा थोरला भाऊ विल्फ्रेड त्याच मैदानावर कॅडीचे काम करी. खेळाडूच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहून त्याच्यामागून चालणारा आणि मागेल ती काठी त्याच्या हाती देणारा जो मदतनीस, त्यास कॅडी म्हणतात. विल्फ्रेडने धाकट्या भावास युक्ती सांगितली. साठ्यातील चांगले चांगले चेंडू निवडून बॉस्टनच्या खेळसाहित्याच्या दुकानात द्यावेत आणि त्यांच्या मोबदल्यात काठी घ्यावी. त्याप्रमाणे झाले, आणि फ्रान्सिसच्या हाती पहिली स्वतःची काठी आली.

आता मैदान हवे. दोघा भावांनी घरामागच्या गुरे चरण्याच्या कुरणातच आपले मैदान आखले. त्यात अठरा खळगे कोठून असणार? तीन होते. टोमॅटोचे रिकामे डबे जमिनीत पुरून त्यांनी ते तयार केले. पहिला खळगा सुमारे दीडशे यार्डांवर होता, आणि तेथे जाण्यासाठी चेंडू एका ओढ्यावरून पलीकडे न्यावा लागे. दुसरा जेमतेम पन्नास यार्डांवर होता. तिसरा खेळाडूस पुन्हा मूळ जागी आणून सोडी. मैदानात खडी होती, दलदल होती, उंच गवताची रानेही होती. चेंडू जरा वाकडा गेला की तो हरवलाच म्हणून समजावे. गोल्फचा एकही पाठ ज्याने घेतला नाही, त्या मुलास सरळ टोला मारण्याचे महत्त्व या कुरणाने शिकविले. वाकड्या टोल्याची शिक्षा तेथे ताबडतोब मिळे. गवतात चाळीत बसावे लागे.

त्या मैदानावर फ्रान्सिसचा खरा प्रतिस्पर्धी होता तो ओढा. थोरल्या भावाच्या अंगात बळ होते. त्याचा चेंडू कधी कधी ओढ्यापलीकडे जाई. लहानग्या फ्रान्सिसचा चेंडू मात्र ओढ्याच्या अलीकडे पडे, नाही तर पाण्यात बुडे. तो पुन्हा चेंडू मांडी, पुन्हा मारी आणि पुन्हा गमावी. असे कितीतरी दिवस गेले. आणि एके दिवशी काठी नेमकी बसली. चेंडू उंच गेला, ओढ्यावरून निघाला आणि पलीकडच्या काठावर पडला. तेथे टाळ्या वाजविणारा समुदाय नव्हता. कोणी बक्षीस दिले नाही. पण आपण ओढा ओलांडला, हा आनंद त्या मुलास पुढे प्रौढपणीही विसरता आला नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी फ्रान्सिस स्वतः कॅडी झाला. पिशवी वाहण्याचे काम श्रमाचे खरे, परंतु त्या कामाने त्याच्यासाठी एक शाळाच उघडली. निष्णात खेळाडू पाय कसे रोवतात, काठी कशी धरतात, झोका घेताना डोके कसे स्थिर ठेवतात, हे तो बारकाईने पाहू लागला. दिवसा जे पाहिले, ते संध्याकाळी कुरणात करून पाहायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला. एकलव्याने गुरूच्या मूर्तीसमोर विद्या साधली, असे महाभारतात सांगितले आहे. फ्रान्सिसला गुरू पुष्कळ लाभले, मात्र आपण या मुलास शिकवीत आहोत, हे त्यांपैकी बहुतेकांस ठाऊक नव्हते.

समोरच्या खऱ्या मैदानाचा मोह त्यास आवरत नसे. पहाटे माणसांची जाग होण्यापूर्वी तो तेथे जाऊन काही टोले मारून घेई. मैदानाची निगा राखणारा माणूस येऊन हाकलून देईपर्यंत त्याचा खेळ चाले. पाऊस पडू लागला की त्यास आनंद होई. कारण पावसात मैदान ओस पडे. या गोष्टीची तक्रार घरी गेली. हे खेळाचे वेड मुलाला एखाद्या संकटात घालील, अशी आईस काळजी वाटू लागली, आणि तिने त्यास तेथे जाण्याची मनाई केली.

मग फ्रान्सिसने बॉस्टनमधील फ्रँकलिन पार्क या सार्वजनिक मैदानाची वाट धरली. तेथे कोणासही खेळता येत असे. परंतु ते दूर होते. शनिवारी तो आणि त्याचे मित्र काठ्या घेऊन दीड मैल चालत ट्रॅमपर्यंत जात, ट्रॅम बदलून उद्यानाजवळ उतरत आणि पुन्हा चालत मैदान गाठत. ते मैदान नऊ खळग्यांचे होते. मुले त्याच्या सहा फेऱ्या करीत, म्हणजे दिवसात चौपन्न खळगे खेळत! आणि मग थकूनभागून आल्या वाटेने घरी परतत.

मोठ्या स्पर्धेत भाग घ्यायचा तर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचे सभासद असणे आवश्यक होते. त्यासाठी पंचवीस डॉलर लागणार होते. वडिलांना मुलाचा हा नाद पसंत नव्हता. फ्रान्सिसने आईकडून ती रक्कम उसनी घेतली, आणि सुट्टीत दुकानात काम करून ती फेडली. १९१० साली अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा त्याच्या घरासमोरच्या मैदानावरच भरली. फ्रान्सिस पात्रता फेरीत खेळला आणि अपात्र ठरला. १९११ साली त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अपयश आले. १९१२ सालीही तेच घडले. ज्याने कुरणातला ओढा ओलांडला होता, त्याच्या वाटेत आता हा दुसरा ओढा आडवा आला होता. पण चेंडू बुडाला तर दुसरा मांडावा, ही सवय त्यास लहानपणापासूनच जडली होती. १९१३ साली त्याने मॅसॅच्युसेट्स राज्याची हौशी स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय हौशी स्पर्धेतही त्यास प्रवेश मिळाला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेची खुली स्पर्धा ब्रुकलाइनच्या त्याच मैदानावर भरली. खुल्या स्पर्धेत हौशी आणि व्यावसायिक असे दोन्ही प्रकारचे खेळाडू भाग घेतात. इंग्लंडहून हॅरी व्हार्डन आणि टेड रे हे दोन नामांकित व्यावसायिक खेळाडू मुद्दाम आले होते. व्हार्डनने तोपर्यंत ब्रिटिश खुली स्पर्धा पाच वेळा जिंकली होती. रे १९१२ सालचा ब्रिटिश विजेता होता. त्यांच्यापुढे वीस वर्षांच्या फ्रान्सिसचे नाव कोणाच्या गणतीत नव्हते. त्याची पिशवी वाहण्यास आला होता एडी लौरी नावाचा अवघ्या दहा वर्षांचा चुणचुणीत मुलगा. तो शाळा बुडवून आला होता, ही गोष्ट मात्र अनुकरणीय नव्हे!

चार फेऱ्यांच्या त्या स्पर्धेत व्हार्डन आणि रे या दोघांचे प्रत्येकी ३०४ टोले झाले. फ्रान्सिसची शेवटची फेरी अद्याप चालू होती. पाऊस पडत होता, जमीन चिखलाने निसरडी झाली होती. पहिल्या नऊ खळग्यांस त्यास ४३ टोले लागले. ही संख्या फार होती. दहावा खळगा जवळचा, तीन टोल्यांत संपण्यासारखा. तेथेही पाच लागले. आता हा मुलगा मागे पडला, असे पाहणाऱ्यांस वाटले. परंतु गेलेल्या टोल्याविषयी हळहळत राहिले तर पुढचाही टोला बिघडतो, हे फ्रान्सिस पुरते शिकला होता. त्याने उरलेले खळगे एकेक करून खेळण्यास सुरुवात केली, आणि हळूहळू मागे पडलेले अंतर भरून काढले.

सतरावा खळगा त्याच्या घरासमोरच्या रस्त्यालगत होता. तेथे हिरवळीवरून दूरचा चेंडू एका हलक्या टोल्यात खळग्यात घालणे त्यास भाग होते. रस्त्यावर मोटारींची गर्दी झाली होती आणि त्यांचे भोंगे एकसारखे वाजत होते. फ्रान्सिसने चेंडू हलकेच सोडला; तो घरंगळत जाऊन खळग्यात पडला. लोकांनी एकच जल्लोष केला. भोंग्यांच्या आवाजाने तुला त्रास झाला नाही का, असे नंतर विचारले असता, आपणास कसलाच आवाज ऐकू आला नव्हता, असे त्याने सांगितले. अठरावा खळगा त्याने चार टोल्यांत पुरा केला. त्याचेही ३०४ टोले झाले. तिघांची बरोबरी झाली!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २० सप्टेंबर १९१३ रोजी, या तिघांत निर्णायक फेरी व्हायची होती. अशा महत्त्वाच्या प्रसंगी एवढ्याशा पोरास कॅडी म्हणून ठेवू नये, असे काहींना वाटले. एका गृहस्थाने स्वतः पिशवी वाहण्याची तयारी दाखविली. एडीच्या डोळ्यांत पाणी तरळले. ते पाहून फ्रान्सिसने निर्णय दिला, की पिशवी एडीच वाहील. ज्याने स्वतः लहानपणी कॅडीचे काम केले होते, त्यास त्या मुलाचे मन कळले नसते तरच नवल. एडीने आपल्या खेळाडूस सल्ला दिला तो एवढाच, की चेंडूवरची नजर हलू देऊ नये. कोणताही नवशिका पहिल्या दिवशी ऐकतो तोच हा धडा.

त्या दिवशी पावसाने भिजलेल्या मैदानावर हजारो लोक जमले होते. त्यांच्यासमोर चाललेल्या सामन्यात एक मौज दडलेली होती. हॅरी व्हार्डनही माळ्याचाच मुलगा होता. जर्सी नावाच्या बेटावर त्याचे बालपण गेले. सात वर्षांचा असताना त्यास आणि त्याच्या सवंगड्यांना गोल्फ खेळावेसे वाटले. पण चेंडू आणि काठ्या आणणार कोठून? तेव्हा त्या मुलांनी पन्नास पन्नास यार्डांचे चार खळगे आखले, झाडाचे लाकूड तोडून काठ्या बनविल्या आणि चेंडू म्हणून पांढऱ्या गोट्या घेतल्या. त्याच व्हार्डनची काठी धरण्याची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. म्हणजे गोट्यांवर शिकलेला एक जगज्जेता आणि टोमॅटोच्या डब्यांवर शिकलेला एक होतकरू तरुण, असे दोघे माळ्याचे पुत्र त्या दिवशी समोरासमोर उभे होते.

पहिले नऊ खळगे संपले तेव्हा तिघांचेही प्रत्येकी ३८ टोले झालेले होते. पुढे फ्रान्सिस थोडा थोडा पुढे सरकू लागला. सोळा खळगे झाले तेव्हा तो व्हार्डनच्या अवघ्या एका टोल्याने पुढे होता. सतराव्या खळग्याची वाट वाकडी होती. व्हार्डनने अंतर वाचविण्यासाठी वळणावरून जवळचा मार्ग धरला, आणि त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. जगातील श्रेष्ठ खेळाडूच्या हातूनही टोला चुकतो! त्यास तेथे पाच टोले लागले. फ्रान्सिसने तोच खळगा तिनांत पुरा केला. अखेरीस फ्रान्सिसचे ७२, व्हार्डनचे ७७ आणि रेचे ७८ टोले झाले. लोकांनी फ्रान्सिसला खांद्यावर उचलून घेतले. टोपी फिरवून छोट्या एडीसाठीही पैसे जमविण्यात आले. अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा फ्रान्सिस हा पहिलाच हौशी खेळाडू ठरला.

त्यानंतर १९१४ साली आणि पुढे १९३१ साली त्याने राष्ट्रीय हौशी स्पर्धाही जिंकली. पात्रता फेरीतच ज्या स्पर्धेने त्यास तीनदा परत पाठविले होते, तीच ही स्पर्धा. गोल्फ हा त्याने पोटाचा धंदा केला नाही. चरितार्थासाठी तो व्यापारउदीम करी आणि हौशी म्हणूनच खेळे. १९४९ साली कॅडीचे काम करणाऱ्या गरजू मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या नावाने एक शिष्यवृत्तीनिधी स्थापन झाला. १९५१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील सुप्रसिद्ध गोल्फसंस्थेने त्यास आपला कप्तान निवडले. हा मान मिळविणारा तो पहिला अमेरिकन होय. १९६७ साली त्याचे निधन झाले.

फ्रान्सिसच्या विजयाची गोष्ट लोक पुनःपुन्हा सांगतात. परंतु ज्या दिवशी तो जिंकला, त्याच्या आधीचे कितीतरी दिवस कोणी पाहिले नव्हते. त्या दिवसांत पाण्यात बुडालेले चेंडू होते, गवतात घालवलेल्या संध्याकाळ होत्या, पहाटेची हकालपट्टी होती आणि तीन वर्षांची अपात्रता होती. त्याच दिवसांत ओढ्यापलीकडे गेलेला तो एक चेंडूही होता. नवे काही शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर असा एखादा ओढा असतोच. मग ते गोल्फ असो, पोहणे असो, पेटीवरचे सूर असोत की गणितातील अपूर्णांक असोत. चेंडू पाण्यात पडला म्हणजे काठी फेकून द्यावीशी वाटते. अशा वेळी काठी न फेकता दुसरा चेंडू मांडणे, ही गोष्ट दिसते तितकी लहान नाही.

अभ्यास

१. स्थिर पडलेला चेंडू मारणे नवशिक्यास अवघड का जाते? तीन कारणे सांगा.

२. फ्रान्सिसने पहिली काठी कशी मिळविली?

३. घरामागच्या मैदानाचे वर्णन करा. त्या मैदानाने फ्रान्सिसला काय शिकविले?

४. कारणे द्या : (अ) पाऊस पडू लागला की फ्रान्सिसला आनंद होई. (आ) निर्णायक फेरीच्या दिवशी फ्रान्सिसने एडीलाच कॅडी ठेवले.

५. फ्रान्सिस आणि व्हार्डन यांच्या बालपणांतील साम्य आपल्या शब्दांत लिहा.

६. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण या पाठात कोणत्या संदर्भात आली आहे? तुमच्या अनुभवातील असा एखादा प्रसंग सांगा.

७. पुढील शब्दसमूह वाक्यांत योजा : बुचकळ्यात टाकणे, मोह न आवरणे, गणतीत नसणे, बळ एकवटणे.

८. निबंध लिहा : ‘मी एक नवी गोष्ट शिकलो’ किंवा ‘मी एक नवी गोष्ट शिकले’.